दुर्मीळ रंगाचं मोल

शेजारच्या वहिनींकडे डॅशहाउंडचं पिल्लू आलं, तेव्हा सगळी सोसायटी बघायला लोटली. आखूड पाय, लांबट पाठ हा त्या जातीचा नेहमीचाच बांधा. पण अंग जवळजवळ पांढरं, त्यावर राखी शिंतोडे आणि डोळे निळे. ‘दुर्मीळ रंग’ म्हणून विकणाऱ्याने जास्त पैसे घेतले होते. नाव ठेवलं मोती. पंधरा दिवसांनी वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हा हाकेला वळतच नाही हो.” कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि मोती ओट्याखाली गाढ झोपला होता. तो ठार बहिरा निघाला. रंगाचा आणि कानाचा संबंध काय, या प्रश्नापासून माझं वाचन सुरू झालं.

कुत्र्याच्या केसांत मूळ रंगद्रव्यं दोनच : एक काळं-तपकिरी, दुसरं पिवळं-तांबूस. ती कुठे आणि किती साठतात, यावर बाकीच्या छटा ठरतात. काळा रंग जागोजागी फिका पडून राखी अंगावर गडद डाग उरले, की त्या नक्षीला ‘मर्ल’ म्हणतात. डॅशहाउंडमध्ये तिला ‘डॅपल’ म्हणतात. ही जात जिथे घडली त्या जर्मनीत ‘टायगर’. आज ‘पीमेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनुकात घुसलेला डीएनएचा एक जादा तुकडा याला कारण आहे, हे २००६मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. असं जनुक एकाच पालकाकडून आलं तर कुत्रा नक्षीदार होतो आणि बहुधा धडधाकट असतो. दोघांकडून आलं, तर अंगाचा बराच भाग पांढरा पडतो आणि बहिरेपणाचा, डोळ्यांतल्या व्यंगाचा धोका फार वाढतो.

कान का बिघडतो? रंगपेशींचा उगम गर्भाच्या पाठीच्या रेषेजवळ होतो. तिथून त्या अंगभर पसरतात. काही आतल्या कानातही पोहोचतात. तिथल्या द्रवातल्या क्षारांचा तोल राखायला त्यांची गरज असते. त्या नसल्या, तर आवाज टिपणाऱ्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात.

म्हणून पांढरा कुत्रा बहिराच, असं मात्र नाही. आपल्या गल्लोगल्ली दिसणारा पांढरा पॉमेरियन पाहा. नाक काळं, डोळे काळे. त्याच्या रंगपेशी जागेवर असतात; केसांतला रंग तेवढा फिका असतो.

वेगळा रंग म्हणजे दोष, असंही नाही. १९८४मध्ये जर्मनीतल्या बीवर दांपत्याकडे यॉर्कशायर टेरिअरच्या पोटी पांढरे पट्टे असलेलं पिल्लू जन्मलं. त्यांनी ती छटा जपली आणि तिच्यातून ‘बीवर टेरिअर’ ही जात उभी राहिली. २०२१मध्ये अमेरिकन केनेल क्लबने तिला मान्यता दिली.

प्रश्न असतो तो जोडी लावण्याचा. मर्लचं एकेक जनुक असलेले दोन कुत्रे एकत्र आणले, तर दर पिल्लामागे चारात एक शक्यता दुहेरी मर्लची. ब्रिटनचा केनेल क्लब अशा जोडीच्या पिल्लांची नोंदच करत नाही. त्यातही एक फसगत आहे. मर्लचा परिणाम काळ्या रंगावर होतो. तांबूस-पिवळ्या कुत्र्यात ते जनुक असूनही नजरेला पडत नाही. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याची जनुकचाचणी केली की ते कळतं.

मोतीच्या विक्रेत्याने आईबापांचा फोटो मोठ्या अभिमानाने दाखवला होता. वहिनींच्या फोनमध्ये तो अजून आहे. दोघंही राखी, दोघंही ठिपकेदार. सगळं उत्तर त्या फोटोतच होतं. ते वाचायचं कसं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता वहिनी जमिनीवर पाय आपटतात. फरशीचा हादरा लागला, की मोती उठून त्यांच्या हाताकडे बघतो. हात खाली आला की बसतो, छातीशी गेला की धावत येतो. हाक मारायची सवय मात्र वहिनींची अजून सुटलेली नाही.