तीन आवाजांत गाणं बसवायचंय? कमोडोर ६४ साठी ट्रॅकर निवडताना

मागच्या भागात सिड चिपचे आवाज ऐकवले होते. हे स्वतः करायचं तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, ते आज बोलू. हेडफोन असतील तर लावा, फोनच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही.

आधी मशीन, कारण निवड तिथेच ठरते. कमोडोर ६४ आला १९८२ मध्ये. मेमरी ६४ केबी, आणि आत बॉब यानिसने डिझाइन केलेली सिड चिप. आवाज तीन. तीन म्हणजे तीनच! एक बेसला, एक ड्रमला, एक मेलडीला दिला की कॉर्ड वाजवायला कोणी उरतच नाही. मग जुगाड असा की एकाच आवाजावर कॉर्डचे तीन सूर सेकंदाला ५० वेळा आलटून पालटून वाजवायचे. सा, ग, प, सा, ग, प... कानाला ते एकत्रच लागतात. तो बुडबुडल्यासारखा आवाज येतो ना, तो हाच.

आता हे पियानो रोलवर माऊसने काढत बसलात तर म्हातारे व्हाल. म्हणून ट्रॅकर. त्यात सूर वरून खाली ओळींमध्ये लिहितात, आणि असे जुगाड इन्स्ट्रुमेंटमध्येच एकदा भरून ठेवतात. रॉब हबर्डसारखे लोक तर सरळ असेम्ब्लीत संगीत लिहायचे. १९८६ मध्ये क्रिस ह्युल्सबेकचा साउंडमॉनिटर जर्मनीतल्या एका मासिकात छापून आला, अख्खा कोड! वाचकांनी तो घरी बसून टाइप करून घेतला. आपण डाउनलोडला दोन मिनिटं लागली तरी वैतागतो.

आज दोन वाटा आहेत. एक, त्या मशीनवरच चालणारा एडिटर, उदाहरणार्थ सिड-विझार्ड. खऱ्या चिपवर ऐकत लिहिता, ही त्याची मोठी मजा. पण मशीन जवळ हवं. दुसरी वाट, लॅपटॉपवर लिहायचं आणि फाइल कमोडोरसाठी बाहेर काढायची: गोटट्रॅकर, सिड फॅक्टरी टू, चीजकटर.

माझी गरज अगदी ठरलेली आहे. एक मित्र या मशीनसाठी गेम बनवतोय आणि त्याने मला संगीतासाठी ४ केबी दिलेत. प्लेअर आणि ट्यून मिळून ४ केबी, बरं का! त्यामुळे स्क्रीन किती सुंदर आहे हा प्रश्नच नाही. प्लेअर किती जागा खातो आणि किती वेळ खातो, एवढंच बघायचं. युरोपातल्या पाल मॉडेलमध्ये एका फ्रेमला ३१२ ओळी, ओळीला ६३ सायकल, म्हणजे १९,६५६ सायकल. समजा प्लेअरने २५ ओळी घेतल्या, तर १,५७५ सायकल गेले, साधारण ८ टक्के. आणि इथे सरासरी बघू नका, सगळ्यात वाईट फ्रेम बघा. गेम अडखळतो तो तिथेच.

या हिशोबात मी गोटट्रॅकर घेतला. फुकट आहे, सोर्स खुला आहे. मुख्य म्हणजे एक्सपोर्ट करताना ट्यूनमध्ये न वापरलेल्या सोयी तो प्लेअरमधून काढून टाकतो. तीनही आवाजांची क्रमयादी वेगळी असते, त्यामुळे दोन ओळींचा बेस एकदाच लिहून, पट्टी बदलून, कितीही वेळा लावता येतो. जागा खरी वाचते ती इथे. मींड हवी असेल तर टोन पोर्टामेंटोची कमांड आहे.

त्रास? आहे. सगळं हेक्साडेसिमल टेबलांत. कॉर्डसाठी ०, ४, ७ असे आकडे भरायचे, म्हणजे सा, ग, प. कोडिंग करणाऱ्याला जमेल, पण फक्त गाणं येणाऱ्या माणसाला पहिला आठवडा जड जाईल. त्यांनी आधी सिड फॅक्टरी टू उघडून बघावा.

अजून एक. जुन्या ६५८१ आणि नंतरच्या ८५८० चिपचा फिल्टर वेगळा वाजतो. ६५८१ मध्ये तर दोन चिपसुद्धा सारख्या नसतात. एडिटरमध्ये मॉडेल बदलून दोन्हीकडे ऐका. फिल्टरवर उभा असलेला बेस एका चिपवर दणदणीत आणि दुसऱ्यावर गायब होऊ शकतो.

माझी ट्यून सध्या ४ केबीच्या थोडी वर आहे. हाय-हॅटचा एक पॅटर्न कापायचा की शेवटचा कॉर्ड, हे आज रात्री ठरवायचंय. शनिवारी मित्राला फाइल द्यायची आहे.