नाव सुमोचं, फळ शिरानुईचं

अमेरिकेत जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास ‘सुमो सिट्रस’ नावाची मोठी, देठाशी गाठ असलेली संत्री दुकानांत येतात. साल सैल, बिया जवळपास नाहीतच, गोडी भरपूर आणि भाव साध्या संत्र्यांपेक्षा चढा. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी म्हणूनच एक नाव लक्षात ठेवावं : शिरानुई.

सुमो हा छाप आहे, शिरानुई ही जात. कियोमी आणि पोंकान यांच्या संकरातून ती 1972 मध्ये जपानच्या नागासाकी प्रांतात निघाली. गाठीमुळे बेढब दिसते म्हणून सुरुवातीला बाजूला पडली. कुमामोतोच्या बागायतदारांनी तिला बाजार मिळवून दिला. ‘देकोपोन’ हा तिथल्या सहकारी संघाचा ट्रेडमार्क. गोडी किमान 13 ब्रिक्स आणि आम्ल 1 टक्क्याच्या आत असेल, तरच तो लावायचा. कोरियाच्या जेजू बेटावर हेच फळ ‘हल्लाबोंग’ म्हणून विकतात. कॅलिफोर्नियात शिरानुईच्या कलमासाठीच्या डोळकाड्या 1998 मध्ये पोचल्या आणि ‘सुमो’ 2011 मध्ये बाजारात आलं. छाप एकाचा असला तरी जात इतरांनाही लावता येते. त्यांचा माल बहुधा शिरानुई नावाने, कमी भावात मिळतो.

मग जादा पैसे कशाचे? बऱ्याच अंशी निवडीचे. हे फळ तोडल्यावर आंबट असतं. जपानमध्ये ते 20 ते 40 दिवस ठेवतात. तेवढ्यात आम्ल उतरतं, साखर टिकते. साल नाजूक, त्यामुळे तोडणी आणि हाताळणीही जपून करावी लागते. बिनछापाच्या मालात ही काळजी कोणी घेतली असेल, कोणी नसेल. म्हणून आधी एकच फळ घ्या, सोलून खा, मगच किलोभर उचला. हाताला जड लागणारं निवडा; साल फुगून आत पोकळ वाटलं तर ठेवून द्या. सालीवरचे ओरखडे चालतील. गाठीच्या आकारावरून गोडी कळत नाही.

‘क्यूटीज’ आणि ‘हेलोज’च्या पिशव्यांत उलटा प्रकार. छाप तोच राहतो, आतली जात बदलते : हंगामाच्या सुरुवातीला क्लेमेंटाइन, पुढे डब्ल्यू. मरकॉट किंवा टँगो. शेजारच्या स्वस्त पिशवीवर यांतलं नाव दिसलं, तर छापासाठी वेगळे पैसे मोजायचं फारसं कारण उरत नाही.

कुणाला भेट द्यायची असेल, तर पारखून विकलं जाणारं ‘सुमो’ घ्यावं. घरच्यांसाठी शिरानुई चाखून घेतलेली बरी.