जुन्या जीपसाठी एंजिनाची निवड

खडबडीत, चढउताराच्या व चिखलाच्या वाटेवर चारही चाकांना शक्ती पुरवून चालू शकणाऱ्या, पंचवीस-तीस वर्षांहून अधिक वयाच्या जीपवर्गीय मोटारगाडीची खरेदी करताना तिच्यात कोणत्या प्रकारचे एंजिन असावे, हा प्रश्न मुख्यतः पेट्रोल व डीझेल यांमधील निवडीचा समजला जातो. प्रत्यक्षात तो तीन गोष्टींवर अवलंबून असतो : गाडीचा नियोजित उपयोग, मूळ बनावटीशी व नोंदणीपत्राशी एंजिनाचा मेळ, आणि दुरुस्तीची स्थानिक सोय. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत अशा गाड्यांना पूर्वीपासून उपयोग असल्याने आणि तेथील भूप्रदेश या निवडीच्या सर्व बाजूंची कसोटी पाहणारा असल्याने त्यांच्या आधारे हा विषय स्पष्ट करता येतो.

भूप्रदेश व वापर : या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला असून तेथे पाऊस विपुल पडतो. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूंच्या वाटा तीव्र चढाच्या, दगडगोट्यांच्या व पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या आहेत. पूर्वेकडे कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत बागायती शेती असून नारायणगाव व मंचर ही बाजारपेठेची गावे पुणे–नाशिक महामार्गावर आहेत. त्यामुळे एकाच गाडीला सकाळी महामार्गावर ताशी ६०–७० किमी. वेगाने धावावे लागते, तर दुपारी पायी चालणाऱ्याच्या गतीने चढ चढावा लागतो. एकच एंजिन या दोन्ही कामांत सारखेच सरस ठरत नाही.

एंजिनांचे प्रकार : भारतात विलिस जीपची जुळणी महिंद्र कंपनीने १९४०–५० या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. बाजारात आढळणाऱ्या जुन्या जीपगाड्यांत प्रामुख्याने पुढील चार एंजिने असतात.

(१) ‘गो-डेव्हिल’ पेट्रोल एंजिन : हे दुसऱ्या महायुद्धातील जीपचे एंजिन होय. त्याला चार सिलिंडर असून सिलिंडराचा व्यास ७९·४ मिमी., दट्ट्याची धाव १११·१ मिमी. व एकूण घनफळ सु. २,२०० घ. सेंमी. असते. आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या अशा दोन्ही झडपा सिलिंडराच्या बाजूला ठोकळ्यातच बसविलेल्या असतात. रचना साधी असल्याने दुरुस्ती सोपी असते. दर मिनिटास ४,००० फेऱ्यांना ते ६० अश्वशक्ती देते.

(२) ‘हरिकेन’ पेट्रोल एंजिन : घनफळ तेवढेच, परंतु आत घेणारी झडप सिलिंडराच्या डोक्यावर व बाहेर सोडणारी झडप ठोकळ्यात असते. त्यामुळे हवा व इंधन यांचे मिश्रण अधिक प्रमाणात आत येऊन शक्ती ७० अश्वशक्तीच्या पुढे जाते. एंजिनाची उंची वाढल्याने १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी या नमुन्याचे बॉनेट उंच करावे लागले. या उंच बॉनेटावरून हा नमुना दुरूनही ओळखता येतो. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले; भारतात मात्र ते त्यानंतरही चालू राहिले.

(३) प्यूजो एक्सडीपी ४·९० डीझेल एंजिन : फ्रेंच परवान्याखाली भारतात तयार झालेल्या या एंजिनाच्या नावातील ४ हा सिलिंडरांची संख्या व ९० हा त्यांचा मिमी. मधील व्यास दर्शवितो. दट्ट्याची धाव ८३ मिमी. असल्याने घनफळ २,११२ घ. सेंमी. होते. इंधन प्रथम डोक्यातील लहान कोठीत फवारले जाते. थंड स्थितीत ही कोठी तापविण्यासाठी विजेवर चालणारे तापक लागतात. एमएम ५४० या जीपमध्ये हे एंजिन असे.

(४) थेट अंतःक्षेपणाचे एमडीआय डीझेल एंजिन : यात इंधन सरळ दट्ट्याच्या माथ्यावर फवारले जाते. व्यास ८८·९ मिमी. व धाव १०१·६ मिमी. असून घनफळ सु. २,५२३ घ. सेंमी. आहे. ही मापे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ट्रॅक्टर-एंजिनांच्या कुळातील आहेत. ते संथ फिरणारे, कंप व आवाज अधिक असणारे, पण इंधन कमी खाणारे एंजिन आहे.

यांखेरीज लष्कराच्या विक्रीतून आलेली जोंगा ही निस्सान बनावटीवर आधारित मोठी गाडी आढळते. तिचे सहा सिलिंडरांचे, सु. ४ लि. घनफळाचे पेट्रोल एंजिन जोरकस असले, तरी इंधनाचा खर्च भारी पडतो.

ओढीचा प्रश्न : डीझेल एंजिन म्हणजे जास्त ओढ, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. जुन्या जीपच्या बाबतीत ती सरसकट खरी नाही. चाकांना फिरविणारा जोर, म्हणजे टॉर्क, गो-डेव्हिल एंजिनात सु. १४·५ किग्रॅ.-मी. व हरिकेनमध्ये त्याहून थोडा अधिक असून तो दर मिनिटास २,००० फेऱ्यांनाच मिळतो. उलट प्यूजो डीझेल एंजिनाचा टॉर्क सु. १२ किग्रॅ.-मी. एवढाच आहे. अमेरिकेतील जुने आकडे पंखा वगैरे उपांगे काढून मोजलेले असल्याने त्यांत काही वजावट करावी लागते, तरीही पेट्रोल एंजिन चढावर दुबळे ठरत नाही.

शिवाय चढावरील ओढ एकट्या एंजिनाची नसते. सीजे-३बी जीपमध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर सु. २·८, चारचाकी पेटीच्या मंद गतीचे २·४६ व आसाचे ५·३८ असते. यांचा गुणाकार सु. ३७ होतो, म्हणजे एंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. म्हणून आहुप्याच्या चढासाठी जीप घेणाऱ्याने एंजिनाआधी पुढच्या आसाला शक्ती पुरविणारी यंत्रणा शाबूत आहे की नाही ते पाहावे. अनेक जुन्या गाड्या मुळातच केवळ मागील दोन चाकांवर चालणाऱ्या असतात.

बदललेली एंजिने : भारतात दीर्घकाळ डीझेल हे पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. या कारणाने असंख्य पेट्रोल जीपगाड्यांतील मूळ एंजिन काढून तेथे डीझेल एंजिन बसविले गेले. आजच्या ग्राहकापुढील सर्वांत मोठी अडचण याच गाड्यांची आहे. जड एंजिनामुळे पुढचे पाटे दबतात, क्लच व गिअरपेटी यांवर न झेपणारा ताण येतो आणि वेगही मर्यादित होतो. ६·०० × १६ मापाच्या टायरचा घेर सु. २·२ मी. धरला व आसाचे गुणोत्तर ५·३८ असेच राहिले, तर मिनिटास ३,००० फेऱ्यांवर थांबणारे डीझेल एंजिन गाडीला ताशी सु. ७४ किमी. पर्यंतच नेऊ शकते. तेच ४,००० फेऱ्यांच्या पेट्रोल एंजिनाने ताशी सु. ९८ किमी. होते. मंचर–नारायणगाव पट्ट्यात महामार्गावर रोज चालवावयाच्या गाडीत हा फरक ताबडतोब जाणवतो.

पेट्रोल २०१० मध्ये व डीझेल २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाल्यापासून दोहोंच्या दरांतील अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही. पेट्रोल जीप लिटरला ९ किमी. व डीझेल जीप १३ किमी. जाते असे गृहीत धरल्यास वर्षाला ३,००० किमी. वापरात सु. १०० लि. इंधनाचाच फरक पडतो. एवढ्या बचतीसाठी मूळ पेट्रोल एंजिन मोडीत काढणे हिशेबात बसत नाही. वापर याच्या तिप्पट-चौपट असेल, तर मात्र मुळातच डीझेल एंजिनासह बनलेली जीप घेणे श्रेयस्कर ठरते.

हवामान व इंधन : ओढ्यातून जाताना पेट्रोल एंजिनाच्या ठिणगी यंत्रणेत पाणी शिरल्यास ते बंद पडते. डीझेल एंजिनाला ठिणगी लागत नसल्याने हा धोका नाही. परंतु हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरात गेल्यास दोन्ही एंजिनांचे दांडे वाकतात. एप्रिल-मे महिन्यांत संथ चढावर पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा तुटण्याचा प्रकार जुन्या पेट्रोल जीपमध्ये घडतो. भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. तेव्हा बाहेर सोडणाऱ्या झडपांची आसने कठीण धातूची आहेत की नाहीत, हे डोके उघडताना तपासावे. आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी नळ व पडदे खराब होतात आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिल्यास टाकीत पाणी साठते. इथेनॉल सोसणारे नळ बसविणे व वापर नसताना टाकी रिकामी ठेवणे हा त्यावरील उपाय होय.

कायदा : खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षे टिकते व नंतर तपासणी करून ती नव्याने करावी लागते. मोटारवाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. त्यामुळे ठोकळ्यावरील एंजिन क्रमांक व इंधनाचा प्रकार नोंदणीपत्राशी जुळत नसल्यास गाडी स्वस्त असली, तरी घेऊ नये. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची पुराण-वाहन म्हणून नोंदणी होऊ शकते. मात्र तिचा नित्य वा व्यापारी वापर करता येत नाही. म्हणजे मूळ गो-डेव्हिल वा हरिकेन एंजिन शाबूत ठेवण्याला आता कायद्यानेही मोल आले आहे. भीमाशंकर अभयारण्यात परवानगीशिवाय वाट सोडून गाडी घालता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पाहणी : एंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून पाहावे, विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास दोष झाकले जातात. निळसर धूर वंगण जळत असल्याचे, काळा धूर इंधन जास्त जात असल्याचे, तर एंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर इंधन अर्धवट जळत असल्याचे किंवा पाणी आत येत असल्याचे चिन्ह आहे. वंगणाचे झाकण काढल्यावर धूर जोराने बाहेर आल्यास दट्ट्याची कडी झिजलेली असतात. चारही सिलिंडरांचा दाब मोजावा; त्यांत मोठी तफावत नसावी. शेवटी भार घालून चढावर किमान अर्धा तास गाडी चालवावी व पाण्याचे तापमान पाहावे.

निवडीचे सूत्र : शेतमाल, माणसे व रोजची ये-जा यांसाठी कारखान्यातूनच थेट अंतःक्षेपणाचे डीझेल एंजिन घेऊन आलेली जीप सोयीची, तिचे एंजिन ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना परिचित वाटते आणि ते या तालुक्यांच्या बाजारगावांत भेटतात. महामार्ग व घाट यांचा समान वापर असल्यास प्यूजो एंजिनाची एमएम ५४० मधला मार्ग ठरते. अधूनमधून चालविण्यासाठी व जतनासाठी मूळ पेट्रोल एंजिनाची सीजे-३बी किंवा तिच्या आधीची जीप घ्यावी. यांपैकी कोणतेही एंजिन दुसऱ्याहून सर्वथा श्रेष्ठ नाही. ज्या गाडीतील एंजिन, गिअरपेटी, आस व कागदपत्रे परस्परांशी जुळतात, ती साधारण एंजिनाची गाडीदेखील जोडाजोड केलेल्या जोरकस गाडीपेक्षा अधिक काळ टिकते.