हंगाम पाहून सर्व्हर घ्या
लेखांक 6

क्लाउडचं बिल कसं वाचायचं, ते मागच्या लेखात पाहिलं. आता ते कमी करू. पण उंब्रज-कराड पट्ट्यातल्या धंद्याला शहरातल्या कंपन्यांचे सल्ले जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण इथला धंदा वर्षभर एका चालीने चालत नाही.

इथे एका बाजूला यशवंतनगरचा सह्याद्री कारखाना, दुसऱ्या बाजूला रेठऱ्याचा कृष्णा. गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात, म्हणून उसाची बिलं पंधरवड्याच्या हिशेबाने निघतात. पैसे खात्यावर आले की पतसंस्था, खतांची दुकानं, ट्रॅक्टरचे हप्ते घेणारे या सगळ्यांकडे एकदम गर्दी होते. बिलं लांबली तर गर्दीही पुढे सरकते. मागोमाग 31 मार्चची वसुली येते. जून-जुलैत त्याच सर्व्हरला फारसं काम नसतं, भाडं मात्र तेवढंच चालू राहतं.

अशा वेळी अॅमेझॉनचं ‘कम्प्युट ऑप्टिमायझर’ उघडलं, तर ते लहान मशीन घ्यायला सुचवतं. ही शिफारस मुळात मागच्या 14 दिवसांच्या वापरावर बेतलेली असते. जूनमध्ये ऐकून मशीन लहान केलं आणि तसंच ठेवलं, तर नोव्हेंबरात काउंटरवर रांग लागेल. म्हणून आधी गेल्या हंगामाचे आकडे काढा. क्लाउडवॉचमध्ये तासागणिक नोंदी 455 दिवस राहतात, म्हणजे मागचा अख्खा हंगाम दिसतो. त्यात सरासरी पाहू नका, कमाल पाहा. तासाच्या सरासरीत दहा मिनिटांची झुंबड बुडून जाते. आणखी एक गोष्ट. सर्व्हरची मेमरी किती भरली, हे तिथे आपोआप दिसत नाही. त्यासाठी वेगळा एजंट बसवावा लागतो. केवळ प्रोसेसर मोकळा दिसला म्हणून मशीन लहान करणं धोक्याचं आहे.

आकडे हाती आले की करार ठरवता येतो. एक किंवा तीन वर्षांची हमी दिली तर ‘सेव्हिंग्ज प्लॅन’मध्ये 72 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. सुटीच्या मोहात हंगामाएवढा करार करू नका. जून-जुलैत जेवढं लागतं, तेवढ्यापुरतीच हमी द्या आणि हंगामातली वाढ तासाच्या दराने घ्या. माझ्या मते इथल्या लहान व्यवसायाला सगळ्यात जास्त बचत इथेच आहे, आणि ग्राहकाला एक क्षणही जास्त थांबावं लागत नाही.

चाचणीच्या सर्व्हरचं गणित सोपं आहे. आठवड्याचे तास 168. सोमवार ते शनिवार सकाळी 9 ते रात्री 9 चालवला तर 72 तास होतात. उरलेल्या 96 तासांचं भाडं वाचतं. डिस्क आणि राखून ठेवलेला सार्वजनिक पत्ता यांची आकारणी मात्र चालूच राहते. आरडीएसवरचा डेटाबेस बंद केला, तर सात दिवसांनी तो आपोआप सुरू होतो, हेही ध्यानात असू द्या.

जुन्या कागदपत्रांच्या बाबतीत लोक हमखास फसतात. वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो स्वस्त साठवणीत हलवणं रास्त वाटतं. पण एसथ्रीच्या क्वचित वापराच्या वर्गात 128 किलोबाइटपेक्षा लहान फाइलची आकारणी 128 किलोबाइट धरूनच होते. चाळीस किलोबाइटची पावती तिथे नेली, तर मुंबईच्या दराने ती नेहमीच्या वर्गापेक्षा महाग पडते. महिन्याभराच्या पावत्यांची एक मोठी फाइल बांधा, मग हलवा. शिवाय तिथे किमान 30 दिवसांचे पैसे द्यावेच लागतात, तेव्हा चालू हंगामाच्या पावत्या हंगाम संपेपर्यंत जागच्या जागी राहू द्या.

पतसंस्थेच्या मुख्य डेटाबेसच्या मशीनला मी अजून हात लावलेला नाही. काउंटरवरचा माणूस खातं उघडायची वाट पाहतो, तो वेळ बहुतेकदा तिथेच जातो. पुष्कळदा सावकाश चालणाऱ्या एखाद्या क्वेरीला इंडेक्स नसतो आणि उपाय म्हणून मोठं मशीन घेतलेलं असतं. अशा क्वेरी कशा शोधायच्या, ते पुढच्या आठवड्यात पाहू.