खिरीचा सण आणि मांडवांचा सण : काही गैरसमज

कर्जत-खालापूर पट्ट्यात, कुंभिवलीसारख्या भातगावांत, भादवा सरता सरता हळवं भात पिवळं पडू लागतं. याच जिल्ह्यातली बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबं, त्याच सुमारास नव्या तांदळाची खीर करून सण साजरा करत. त्यांच्या सुगीच्या सणांविषयी चुकीच्या समजुती मात्र बऱ्याच आहेत.

‘ज्यू इंग्रजांबरोबर इथे आले.’
साफ चूक. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, अशी बेने इस्रायलांची परंपरागत आठवण आहे. कोकणातल्या गावांत ते घाण्यावर तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावंही इथल्याच गावांची. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, 1796 सालचं; लोक त्याला मशीद म्हणत, आणि त्यावरूनच मशीद बंदर स्टेशनला नाव मिळालं, असं सांगतात.

‘मांडवांचा सण म्हणजे फक्त वाळवंटातल्या भटकंतीची आठवण.’
ही अर्धीच गोष्ट झाली. या सणाचं हिब्रू नाव सुक्कोथ. मिसरमधून सुटका झाल्यावर पूर्वज मांडवांत राहिले, म्हणून सात दिवस मांडवात राहावं, असं त्यांच्या धर्मग्रंथातल्या लेवीयच्या पुस्तकात सांगितलं आहे. पण त्याच ग्रंथातल्या निर्गमच्या पुस्तकात याच सणाला वर्षअखेरीच्या साठवणीचा सण म्हटलं आहे. ज्यूंचे यात्रेचे तीन सण शेतीशी बांधलेले आहेत : पेसाहच्या वेळी जव, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी शाबुओथला गहू, आणि सुक्कोथला द्राक्षं, जैतून अशी उरलेली सुगी.

मांडवाचे नियमही शेतातल्या माणसाला पटावेत असेच आहेत. छपरासाठी जमिनीतून उगवलेलं आणि तोडलेलं साहित्यच हवं; कापडाचं किंवा पत्र्याचं छप्पर चालत नाही. आत उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, तरी रात्री वर बघितलं तर तारे दिसावेत, इतपत ते विरळ असावं. कोकणात त्यासाठी माडाच्या झावळ्या हाताशीच असतात. आतून फळं टांगतात. पूजेत चार वनस्पती लागतात : महाळुंग, खजुराची कोवळी झावळी, मर्टल आणि वाळुंजाच्या जातीची फांदी. महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ.

‘ही त्यांची कोजागिरी किंवा दिवाळीच.’
तिथीपुरतं साम्य खरं आहे. ज्यू महिनेही चंद्रावर चालतात, आणि आपल्या अधिक मासासारखा जादा महिना ते 19 वर्षांत सात वेळा धरतात. सुक्कोथ तिश्री महिन्याच्या पौर्णिमेला सुरू होतो, म्हणून तो बहुधा कोजागिरीच्या आसपास येतो. 2025 साली दोन्ही 6 ऑक्टोबरच्या रात्री आले. काही वर्षी तो भाद्रपदाच्या पौर्णिमेला पडतो. पण अर्थ वेगळा आहे. इस्रायलच्या भूमीत कोरडा उन्हाळा संपून आता पाऊस हवा असतो, म्हणून सण संपताना पावसासाठी प्रार्थना करतात. इथे कोकणात त्याच दिवसांत शेतकरी पाऊस थांबावा म्हणून डोळे लावून बसलेला असतो, कारण कापणीला आलेलं भात भिजलं की आडवं होतं. दोन हवामानांचा हा विरोध लक्षात घेतला, की खिरीच्या सणाचं मोल कळतं.

‘खिरीचा सण ही शेजाऱ्यांची नक्कल.’
हा आरोप मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. हा सण ज्यू नववर्षानंतर, त्याच तिश्री महिन्यात येतो. नव्या तांदळाची खीर गाईच्या दुधात नाही, नारळाच्या रसात शिजते. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा धर्मनियम असल्यामुळे बेने इस्रायल स्वयंपाकात नारळाच्या रसाला फार मान आहे. ऊद जाळायचा, ‘शेमा’ म्हणजे एका देवाची ग्वाही म्हणायची, आणि मग खीर खायची. शेजारी नवान्न करत होते, तांदूळ सगळ्यांचा एकच होता, हे खरंच. पण प्रार्थना हिब्रू होती आणि महिनाही ज्यू पंचांगातलाच.

हैम सॅम्युएल किहीमकर यांनी बेने इस्रायल समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पूर्ण केला. तो 1937 साली तेल अवीवमध्ये छापला गेला. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण अशी मराठी नावं या समाजाच्या जुन्या चालीरीतींत सापडतात. मांडवाची विधिवत चाल मात्र इथे 19व्या शतकात, कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांच्या काळात, पुन्हा रुजली. खिरीच्या सणात सुक्कोथचीच जुनी खूण आहे, असंही एक मत आहे. मला ते पटतं : ग्रंथ हाताशी नसताना लोकांनी सुगीचे आभार आपल्या शेतातल्या दाण्यानेच मानले.

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा इथली सिनेगॉग आजही उभी आहेत, आणि महाराष्ट्राने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तुमच्या गावात एखादं जुनं बेने इस्रायल घर असेल, किंवा त्यांच्या शेजारी राहिलेल्या वयस्कर बाया असतील, तर ही खीर कशी करत आणि कोणत्या दिवशी करत, ते त्यांच्याकडून आजच लिहून घ्या.