येवला : समूहजीवनाच्या दोन बाजू

नाशिक जिल्ह्यातील येवला हे तालुक्याचे गाव पैठणीसाठी सर्वपरिचित आहे. पैठणी विणणे हे एकट्याचे काम नव्हे. रेशीम उकलणे, कांड्या भरणे, ताणा जोडणे ही कामे घरातील माणसे वाटून घेतात. भोगी, संक्रांत व कर या तीन दिवसांत हेच गाव आसारी घेऊन गच्चीवर जमते. तथापि हे ऐक्य सर्वसमावेशक होते, असे म्हणता येत नाही. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० मध्ये सुरू होऊनही अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळाला नाही. या पार्श्वभूमीवर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यातच धर्मांतराची घोषणा केली. म्हणून येवल्याच्या समूहजीवनाचा अभ्यास माग आणि पतंगांबरोबरच मुक्तिभूमीचाही विचार केल्याशिवाय पूर्ण होत नाही.