जुन्या जीपला तबकडीचे ब्रेक

सोलापुराहून तुळजापूर सुमारें ४५ किलोमीटर. वाट बहुतेक माळरानाची. शेवटीं बालाघाटाचा चढ लागतो. भवानीच्या दर्शनाला निघालेल्या मंडळींना हा चढ लक्षांत राहतो तो इंजिनाच्या घरघरीमुळें. चालकाच्या लक्षांत राहतो तो परतीचा उतार. चढतांना गाडी दमली तर फार तर थांबते. उतरतांना ती थांबेल कीं नाहीं, हीच चिंता असते. आणि गाडी जर चाळीस-पन्नास वर्षांची जीप असेल, तर ही चिंता अनाठायीं नव्हे.

सप्टेंबर १९४८ मध्यें भारतीय सेनेचीं वाहनें नळदुर्गावरून हैदराबादच्या रोखानें गेलीं, त्याच सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिस जीपचे भाग जोडून गाड्या तयार करण्यास आरंभ केला होता. २०२३ पर्यंत उस्मानाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला असेंच वाहन हवें होतें: काळ्या मातीच्या गाडीवाटेनें जाणारें, ओढ्यांत उतरणारें, कोणत्याहि गांवीं दुरुस्त होणारें. युद्धकाळांतील विलिस जीपच्या चारी चाकांना ९ इंच व्यासाचे ड्रम ब्रेक होते. पुढें इंजिनें बदललीं, पेट्रोलच्या जागीं डिझेल आलें, गाडींत बसणारांची संख्या तर विचारूंच नये. पण ब्रेक पुष्कळ वर्षें ड्रमचेच राहिले.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारें ओतीव लोखंडाचें उथळ पातेलेंच. त्याच्या पोटांत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू बसविलेले असतात व त्यांवर घर्षणासाठीं लायनर चढविलेलें असतें. पेडल दाबलें म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबानें शू फाकतात आणि पातेल्याच्या आंतल्या अंगाला घासूं लागतात. यांत एक खुबी आहे. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढूं पाहतो आणि त्यामुळें तो शू अधिकच रुतून बसतो. चालकाच्या पायाच्या जोरांत चाकाचा जोर आयताच मिसळतो. म्हणून जुन्या जीपला ब्रेक लावण्यास कोणतें साहाय्यक यंत्र लागत नसे. परंतु जी क्रिया जोर वाढविते तीच दोषहि वाढविते. एका चाकाचा लायनर ओला व दुसऱ्याचा कोरडा असला, कीं हा थोडासा फरक कित्येक पट होऊन गाडी एका बाजूला ओढली जाते. ओढा ओलांडल्यावर ड्रमच्या पोटांत पाणी आणि चिखल सांठून राहतो, तो तर वेगळाच.

मात्र खरी परीक्षा उष्णतेची. ब्रेक गाडीची गति नाहींशी करीत नाहीं. तो तिची उष्णता करतो. भरलेल्या जीपचें वजन १५०० किलो धरलें, तर ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी ती गाडी एकदां थांबविण्यांत सुमारें २०८ किलोज्यूल उष्णता उत्पन्न होते. आतां तीच गाडी, वेग मुळींच न वाढूं देतां, १०० मीटर उंचीचा उतार उतरते असें समजावें. या वेळीं जी शक्ति कोठें तरी घालवावी लागते ती सुमारें १४७० किलोज्यूल, म्हणजे सातपट भरते. स्वयंपाकघराच्या भाषेंत सांगावयाचें तर एवढ्या उष्णतेनें साधें साडेचार लिटर पाणी आधण येण्याइतकें तापेल. कांहीं भाग वारा आणि टायर घेतात. चालकानें खालचा गिअर घातला असेल तर मोठा भाग इंजिन घेतें. पण डिझेल वाचविण्याच्या मोहानें गिअर काढून गाडी सोडली, तर जवळजवळ सगळा भार त्या चार पातेल्यांवर पडतो.

तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे त्याचा व्यास वाढून तो शूपासून दूर सरतो. लायनरचें घर्षणहि कमी होतें. चालक अधिक जोरानें दाबतो, पेडल अधिक खोल जातें. ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेणारें असतें. डॉट ३ जातीचें नवें तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं, पण ओल मुरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येऊं शकते. तेल उकळलें कीं नळींत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल पायाखालीं रिकामें जातें. ‘ब्रेक फेल झाले’ असें वर्तमानपत्रांत छापून येतें, त्यामागें पुष्कळदां हीच हकीकत असते.

तबकडीच्या, म्हणजे डिस्कच्या, ब्रेकमध्यें चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरते आणि कॅलिपर नांवाचा लोखंडी चिमटा तिला दोन्ही बाजूंनीं पकडतो. उघडी असल्यानें ती लवकर निवते. प्रसरण पावली तरी पॅडपासून दूर जात नाहीं. पाणी तिच्यावर ठरत नाहीं. कल्पना नवी नाहीं. फ्रान्समध्यें लुई रनोचा ड्रम आणि इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टरची तबकडी हीं दोन्ही १९०२ सालचीं. मात्र १९५३ सालीं ल मान येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वारनें या ब्रेकच्या बळावर जिंकली, तेव्हां कोठें मोटारीच्या जगाचें लक्ष तिकडे वळलें.

मग जुन्या जीपचे ड्रम काढून तबकड्या बसविल्या कीं झालें, असें वाटणें स्वाभाविक आहे. फसगत नेमकी येथेंच होते. तबकडीला चाकाचा तो आयता जोर मिळत नाहीं. तिला अधिक दाब हवा, आणि कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्यानें तेलहि अधिक हवें. जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर गाडी पूर्वीपेक्षांहि वाईट थांबते. म्हणून मास्टर सिलिंडर बदलावा लागतो व बहुधा व्हॅक्यूम बूस्टर जोडावा लागतो. पेट्रोल इंजिनांत ही निर्वात ओढ आपोआप मिळते. डिझेल इंजिनांत ती तशी मिळत नाहीं. तिच्यासाठीं व्हॅक्यूम पंप लागतो, जो पुष्कळ गाड्यांत आल्टर्नेटरच्या पाठीशीं बसविलेला असतो. हा पंप विसरून केवळ बूस्टर बसविला, तर तो शोभेचा डबा होय.

नवा मास्टर सिलिंडर दुहेरी घेणें शहाणपणाचें. मूळ जीपमध्यें चारी चाकांचें तेल एकाच मार्गानें जात असे. एक नळी फुटली कीं चारी ब्रेक जात. दुहेरींत पुढचा आणि मागचा मार्ग निराळा राहतो.

आणखी एक बारीक गोष्ट अनुभवी फिटरहि चुकतात. ड्रमच्या नळींत चौरस इंचास सुमारें १० पौंड दाब कायम राखणारी लहानशी झडप असते. तीच तबकडीच्या मार्गांत राहिली तर पॅड सतत घासत राहतात आणि उतार लागण्यापूर्वींच तबकडी तापते. म्हणून ती पुढच्या मार्गांतून काढावी. परंतु जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालीं, चेसिसला असतो. कॅलिपरहून तो खालीं राहिला तर तेल मागें ओसरतें. अशा वेळीं तेथें २ पौंडांची झडप बसवितात.

ब्रेक लावतांना भार पुढें झुकतो, उतारावर तर अधिकच. यास्तव तबकड्या पुढच्या दोन चाकांनाच लावून मागें ड्रम ठेवण्याची रीत रास्त आहे. महिंद्रच्या बोलेरो आणि थार या गाड्यांतहि हीच रचना आढळते. कॅलिपर आणि चाकाची रिम यांत पुरेसें अंतर आहे ना, हें चाक हातानें फिरवून पाहावें. जुने लायनर काढतांना त्यांची धूळ हवेच्या झोतानें उडवूं नये. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि तें फुफ्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें पुसावी.

कायद्याचें बंधन आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार करतां येत नाहीं, आणि ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच उचलून धरलें. हेतु सुरक्षिततेचा असला तरी एमएच २५ क्रमांकाच्या जीपमालकानें पाना हातीं घेण्यापूर्वीं धाराशिवच्या परिवहन कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावें व विमा कंपनीलाहि कळवावें.

काम झाल्यावर नळ्यांतील हवा पुरती काढून, मोकळ्या मैदानांत, रिकामी गाडी हळू चालवून ब्रेक लावून पाहावे. मुरमाड जमिनीवर कोणतें चाक आधीं अडतें तें बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसानें न्याहाळावें. मागचीं चाकें आधीं अडत असतील तर गाडीचें बूड फिरण्याचा धोका असतो. मग मागचा दाब कमी करणारी झडप बसवून पुन्हां तींच परीक्षा घ्यावी. तोंवर गाडी घाटांत नेऊं नये.